रोज स्टुडिओत जाऊनही चित्र सुरू होत नाही: तुमचा दिनक्रम कसा असतो आणि विषय कुठून येतात?

रिकामी_चौकट (प्रश्न)

नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चित्रे काढत आलो. यंदा पहिल्यांदाच सकाळचे चार तास रोज हातात आले आहेत आणि घरातली एक खोली केवळ चित्रांसाठी मोकळी झाली आहे. तैलरंग हे माझे माध्यम. विषय बहुतेक वस्तुचित्रे आणि खोल्यांची अंतर्दृश्ये, कॅनव्हास साधारण दोन फूट बाय अडीच फूट. ज्या वेळेसाठी इतकी वर्षे जीव तळमळत होता तो मिळाल्यावर हात आपोआप चालू लागेल असे वाटले होते, पण घडले उलटेच.

पहिले दहा दिवस उत्साहात गेले. त्यानंतरचा रोजचा प्रकार असा आहे: आठ वाजता खोलीत जायचे, ब्रश पुसायचे, ट्यूबा रंगांच्या क्रमाने लावायच्या, पॅलेट खरवडायची आणि मग इझलसमोर बसून कालच्या चित्राकडे पाहत राहायचे. थोड्या वेळाने 'संदर्भ पाहू' म्हणून फोन उघडायचा आणि इतरांची चित्रे पाहता पाहता दीड तास घालवायचा. मग अपराधी वाटून घाईघाईने कुठेतरी चार फटकारे मारायचे, त्यांनी बिघडलेले सावरता सावरता रंग मळवायचा आणि बारा वाजता पुन्हा ब्रश धुवायचे. दहा दिवसांतून एखाद्या दिवशी खरोखर काहीतरी सुचते आणि त्या दिवशी तीन तासांत जे होते ते उरलेल्या नऊ दिवसांत मिळूनही होत नाही. थोडक्यात, नऊ दिवस मी त्या दहाव्या दिवसाची वाट पाहत बसलेला असतो.

मागच्या गुरुवारी कहर झाला. महिनाभर चाललेले एक चित्र होते: खिडकीजवळची लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेले करडे कापड आणि शेजारी एक पत्र्याचा डबा. कापड जमले होते, डबाही बरा होता, पण खुर्ची आणि भिंत यांच्यामधली हवा काही केल्या येत नव्हती. खुर्ची भिंतीला चिकटवल्यासारखी दिसत होती. वैतागून मी हाताशी असलेला पांढरा ॲक्रिलिक जेसो (रंगवण्याआधी कॅनव्हासला द्यायचा, पाण्यात मिसळणारा अस्तराचा लेप) घेतला आणि रुंद ब्रशने सबंध चित्रावर फासला. पाच मिनिटे हलके वाटले आणि नंतर दोन दिवस खोलीत पाऊल टाकवले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की जे नियमितपणे चित्रे काढतात त्यांचा स्टुडिओतला दिवस प्रत्यक्षात कसा जातो, म्हणजे आत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही नेमके काय करता? आणि दुसरा, विषय किंवा चित्राची पहिली ठिणगी तुम्हाला कुठून मिळते? 'प्रेरणा सगळीकडे असते' या प्रकारची वाक्ये मी भरपूर वाचली आहेत. ती खोटी नसतीलही, परंतु सकाळी आठ वाजता त्यांचा काही उपयोग होत नाही.

जुना_इझल

तुमचे पत्र वाचताना मला माझीच पहिली दोन वर्षे आठवली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या दिवसाच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तुम्ही साफसफाई सकाळी करता. ट्यूबा लावणे, पॅलेट खरवडणे, ब्रश पुसणे ही कामे हाताला गुंतवतात पण नजरेला नाही, आणि सकाळची ताजी नजर हेच तर चित्रकाराचे भांडवल असते. मी ही सगळी कामे दिवसाच्या शेवटी, दमल्यावर करतो, म्हणजे सकाळी आत गेल्यावर करण्यासारखे दुसरे काही शिल्लकच राहत नाही. शिवाय काम थांबवताना, चित्र जिथे अडले असेल किंवा जिथे पुढचा फटकारा अगदी स्पष्ट दिसत असेल तिथेच मुद्दाम थांबतो आणि एका चिठ्ठीवर लिहून ती इझलच्या आडव्या पट्टीला चिकटवतो. चिठ्ठीत मोठे विचार नसतात. कालची चिठ्ठी अशी होती: 'डाव्या कोपऱ्यातली सावली थंड झाली आहे, थोडा बर्न्ट सिएना, किटलीची कडा भिंतीत मिसळू दे.' सकाळी आल्यावर मला काही सुचावे लागत नाही, फक्त चिठ्ठीत लिहिलेले करावे लागते. ते करत असताना दहा मिनिटांत शेजारचा रंग चुकीचा वाटू लागतो आणि तिथून त्या दिवसाचे खरे काम सुरू होते. म्हणूनच 'सुचणे' ही गोष्ट मला बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटकाऱ्यानंतर भेटली आहे, पहिल्याच्या आधी क्वचितच.

चित्राला हात लावण्यापूर्वीची वीस मिनिटे मी करडे रंग मिसळण्यात घालवतो. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा एवढे तीनच रंग घेऊन, एका टोकाला निळसर आणि दुसऱ्या टोकाला तपकिरी अशी सात-आठ करड्यांची रांग पॅलेट नाइफने लावतो. हा रियाज म्हणा हवे तर. त्यातून कोणतेही चित्र तयार होत नसल्यामुळे बिघडण्याची भीती नसते आणि रांग पुरी होईपर्यंत डोळा उबदार आणि थंड यांतला बारीक फरक ओळखू लागलेला असतो. तुमच्या खुर्ची-भिंतीच्या चित्राला नेमकी याच करड्यांची गरज असणार, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच कॅनव्हाससमोर चार तास बसू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि प्रत्येक रंगाचा वेग वेगळा असतो. अंबर या तपकिरी मातीच्या रंगात मँगनीज असल्याने तो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच हाताला लागत नाही, तर आयव्हरी ब्लॅक, कॅडमियमचे रंग आणि टायटॅनियम व्हाइट आठवडाभर ओले राहू शकतात. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा नियम पाळायचा असेल, आणि चिरा नको असतील तर तो पाळावाच लागतो, तर चित्राला विश्रांती देणे भागच आहे. माझ्याकडे एका वेळी तीन-चार कॅनव्हास चालू असतात: एक नुसत्या अंबरच्या पातळ थरात मांडलेला, एक मध्यावर आलेला, एक जवळपास पुरा झालेला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. एकावर हात धजला नाही तर दुसऱ्यावर धजतो. क्लॉद मोनेने १८९२ आणि १८९३ या दोन वर्षांत फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथीड्रलसमोर खोली घेऊन काम केले तेव्हा तो प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलत असे आणि तीसहून अधिक चित्रांची ती मालिका त्याने नंतर जिव्हर्नीच्या स्टुडिओत पुरी केली. आपण ती मालिका पाहताना प्रकाशाचे कौतुक करतो, मला मात्र त्यातली कामाची शिस्त अधिक मोहात पाडते.

भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या चित्राबद्दल एक सांगायचे राहिले. आठ-दहा दिवसांनी ते अचानक वळवून, आरशात पाहायचे. उलटलेल्या प्रतिमेत चुकलेला तोल ताबडतोब दिसतो, कारण डोळ्याला झालेली सवय आरसा मोडून टाकतो. कॅनव्हास उलटा करून पाहिला तरी बऱ्याच अंशी तोच परिणाम होतो.

आता एक नावडती गोष्ट. तुम्ही तैलरंगावर ॲक्रिलिक जेसो लावला आहे. त्यावर नवे चित्र रंगवू नका. तेलकट, अजून आतून न वाळलेल्या थराला ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि खालचा थर हलत राहिला की वरचा सुटतो. आज नाही तर दोन वर्षांनी पापुद्रे निघतील. जुने चित्र झाकायचेच असेल तर पृष्ठभाग हलका घासून त्यावर तैलरंगाचाच थर द्यावा, पण खरे सांगायचे तर एका कॅनव्हासच्या बचतीसाठी एवढी खटपट करू नये.

रेघोट्या

दिनक्रमाबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

विषय शोधण्याची आपली पद्धत बहुधा उलटी असते, म्हणजे आपण 'काय रंगवावे' असे विचारतो आणि मनात वस्तूंची नावे येतात: खुर्ची, डबा, खिडकी. नावे आली की चित्र सांगण्यासारखे होते, पाहण्यासारखे होत नाही. मी माझ्या वहीत वस्तूंची नावे लिहिणे जाणीवपूर्वक बंद केले आहे आणि त्याऐवजी नात्यांची नोंद करते: कोणता काळा कोणत्या काळ्यापेक्षा उबदार आहे, कोणती कडा हरवते आणि पुन्हा कुठे सापडते, दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचा आकार कसा आहे.

उदाहरण देते. मागच्या महिन्यात संध्याकाळी टेबलावर एक पांढरी वाटी होती, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला साधा पिवळसर दिवा. वाटीच्या दोन सावल्या पडल्या होत्या. खिडकीचा उजेड अडवला गेल्यामुळे जी सावली पडली होती तिच्यात फक्त दिव्याचा प्रकाश पोहोचत होता, त्यामुळे ती चक्क नारिंगी दिसत होती; आणि दिव्याच्या उजेडात अडसर आल्यामुळे पडलेल्या सावलीत फक्त आकाशाचा उजेड होता, म्हणून ती निळी. दोन्ही सावल्या जिथे एकमेकींवर आल्या होत्या तेवढाच लहानसा त्रिकोण खराखुरा गडद होता. बाहेरचे आकाश मावळत गेले तशी नारिंगी सावली फिकी होत गेली आणि साधारण वीस मिनिटांत नाहीशी झाली. वाटी हा माझा विषय नव्हता, तो त्रिकोण होता. त्यावरून आतापर्यंत पाच लहान चित्रे झाली आहेत आणि अजून दोन तरी होतील. तुमच्या खोलीतही खिडकी आणि दिवा दोन्ही असतीलच; एकदा संध्याकाळी चार तासांऐवजी अर्धा तास बसून पाहा.

इटालियन चित्रकार मोरांदीचे उदाहरण इथे टाळताच येत नाही. बोलोन्यातल्या एका खोलीत, जिथे तो झोपतही असे, त्याने दशकानुदशके त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया मांडून चित्रे काढली. काही बाटल्यांना तो वरून रंग देऊन त्यांची चकाकी मारून टाकत असे, कारण त्याला काच नको होती, आकार हवा होता. वस्तूंची जागा ठरवण्यासाठी टेबलावरच्या कागदावर तो त्यांच्या बुडांच्या खुणा करून ठेवी. एक बाटली बोटभर सरकवली तर दोन आकारांमधली फट मिटते आणि सबंध चित्राचा अर्थ पालटतो, हे ज्याने एकदा स्वतः करून पाहिले त्याला आयुष्यभर विषय कमी पडत नाहीत, असे मला मनापासून वाटते. तुमची खुर्ची भिंतीला चिकटलेली दिसत होती, तर ती रंगाने सोडवण्याआधी प्रत्यक्षात एक वीत पुढे ओढून पाहिली होती का?

मनात काहीच नसेल तेव्हासाठी जुने उपायही आहेत. ओल आलेल्या, डागाळलेल्या भिंतींकडे पाहत राहावे, त्यांत डोंगर, झाडे, लढाया आणि चेहरे दिसू लागतात, असे लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. इंग्लंडमधल्या अलेक्झांडर कझेन्स या चित्रकाराने तर १७८५ च्या सुमारास कागदावर शाईचे डाग पाडून त्यांतून निसर्गदृश्याची रचना शोधण्याची रीतसर पद्धतच मांडली. मी हे टाकाऊ पॅलेटच्या कागदावर करते: दिवसअखेर उरलेला रंग दुसऱ्या कागदाने दाबून उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या ठशाकडे पाहायचे. दहातले आठ ठसे कचऱ्यात जातात. उरलेल्या दोनांत असे काहीतरी सापडते की जे डोके लावून मांडता आले नसते.

रंगसंगतीसाठी व्हॅन गॉगची एक युक्ती मला फार आवडते. लाखेच्या एका डबीत तो रंगीत लोकरीचे गुंडे ठेवत असे, वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले, म्हणजे रंग वाया न घालवता दोन रंग शेजारी ठेवल्यावर काय घडते ते पाहता यावे. ती डबी ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात जपलेली आहे. तुम्ही सकाळचा दीड तास फोनला देता त्यातली पंधरा मिनिटे धाग्यांना किंवा रंगीत कागदांच्या तुकड्यांना देऊन पाहा. फोनच्या काचेवर प्रत्येक चित्र सारख्याच आकाराचे, सारखेच गुळगुळीत आणि मागून उजळलेले दिसते. त्यातून कल्पना मिळत असतील, पण रंगाचे वजन आणि पोत मिळत नाही.

संथ_लेप

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बव्हंशी सहमत असूनही एक विरोधी सूर नोंदवतो, कारण 'रोज काम करा' या सल्ल्याने माझे नुकसान झालेले आहे.

काही वर्षांपूर्वी मी रोज एक लहान चित्र पुरे करायचे असा नेम धरला होता. सहा इंच बाय आठ इंचाचा फलक, दोन तास, एकही दिवस खंड नाही. पहिले तीन महिने प्रगती झाली हे नाकारत नाही. चौथ्या महिन्यापासून मात्र माझ्या लक्षात येऊ लागले की हात युक्त्या शिकला आहे: चकाकी दाखवायची तर कुठे ठिपका ठेवायचा, कडा मऊ करायची तर बोट कसे फिरवायचे, पार्श्वभूमी अडचणीची असेल तर ती गडद करून कशी टाळायची. चित्रे विकण्याजोगी होत होती आणि मेलेली होती. वर्षअखेरीस सगळी भिंतीवर एकत्र लावली तेव्हा ती एकाच चित्राच्या प्रती वाटल्या. नेम हाताचा होता, डोळा केव्हाच झोपी गेला होता.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे करीत. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर चढवणे आणि उतरवणे हे त्यांचे तंत्र सर्वश्रुत आहे, परंतु त्या थरांच्या आधी त्यांचे पुष्कळसे काम नुसते बसून राहण्यात होत असे, हे आपण विसरतो. फ्रेंच चित्रकार सेझानचेही तसेच. १८९९ मध्ये व्होलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र काढताना शंभराहून अधिक बैठका झाल्या आणि तरीही हातावरचे दोन लहान ठिपके त्याने कोरेच ठेवले. अंदाजाने तिथे काही रंग लावला तर त्या जागेपासून सगळे चित्र पुन्हा नव्याने करावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते, अशी आठवण स्वतः व्होलारने सांगितली आहे. ज्याला आपण आळस म्हणून हिणवतो त्यातला काही भाग पाहण्याचा असतो.

म्हणून, मूळ धागाकर्त्याला माझा प्रश्न असा आहे की इझलसमोर बसून चित्राकडे पाहण्यात जो वेळ जातो तो खरोखरच वाया गेलेला आहे का? माझ्या मते वाया जातो तो फोनचा दीड तास, आणि त्याहूनही वाईट म्हणजे अपराधी वाटून मारलेले ते चार फटकारे. अपराधीपणातून लागलेला रंग हमखास मळतो. त्या दिवशी ब्रश उचलला नसता, नुसते पाहिले असते, तर कदाचित जेसोची वेळ आली नसती.

जुना_इझल

संथ_लेप यांचा मुद्दा मान्य आहे, फक्त एक भर घालतो. रोजच्या कामाचे दोन प्रकार असतात. एकात रोज नवे चित्र पुरे होते, दुसऱ्यात रोज तोच प्रश्न थोडा पुढे सरकतो. योसेफ आल्बर्स या चित्रकाराने १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत चौकोनात चौकोन ही एकच मांडणी हजाराहून अधिक वेळा रंगवली. आकाराचा विचार करायचाच नाही असे एकदा ठरल्यामुळे सगळे लक्ष रंगांच्या शेजारावर राहिले. रंग तो ट्यूबमधून थेट घेऊन पॅलेट नाइफने लावत असे आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला ते फलकाच्या मागे लिहून ठेवत असे. तुमचे सहा-आठ इंची फलक आणि हे चौकोन बाहेरून सारखेच 'रोजचे काम' दिसतात, पण तुमच्या नेमात 'पुरे करणे' ही अट होती आणि मला वाटते तिनेच घात केला. जपानी चित्रकार होकुसाईने ऐंशी ओलांडल्यावर १८४२-४३ च्या सुमारास जवळजवळ रोज सकाळी एक सिंह काढला, तेही प्रदर्शनासाठी नव्हे, अरिष्ट टळावे म्हणून. त्यातले काही सिंह नाचरे आहेत, काही चक्क गमतीशीर. दाखवायचे नसले की हात किती मोकळा होतो, ते त्या रेघांत दिसते.

तिसरी_खिडकी

सगळे एवढ्या खोलात गेले आहेत की मला फक्त खोलीबद्दल लिहायचे उरले.

खिडकी कोणत्या दिशेला आहे? उत्तर गोलार्धात चित्रकार उत्तरेची खिडकी शोधतात ती थेट ऊन न आल्याने उजेड फारसा बदलत नाही म्हणून, मात्र विषुववृत्ताकडच्या प्रदेशांत ऐन उन्हाळ्यात काही आठवडे तिथूनही ऊन शिरते. तुम्ही अंतर्दृश्ये रंगवता आणि आठ ते बारा या चार तासांत सावल्या निम्मी खोली ओलांडतात. तुमची खुर्ची आणि भिंत यांच्यातली हवा हरवण्याचे एक कारण असेही असू शकेल की खुर्ची साडेआठची आहे आणि भिंत साडेअकराची. एका चित्राला एकच तास नेमून द्या. कृत्रिम दिवा वापरत असाल तर साधारण ५००० केल्व्हिनचा (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा) आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला घ्या, आणि कॅनव्हासवर व पॅलेटवर एकच उजेड पडेल असा लावा. पॅलेटवर पिवळा उजेड आणि कॅनव्हासवर निळा असेल तर रंग मिसळताना आणि लावल्यावर वेगळा दिसणारच.

विषयाला सोडून असले तरी एक सांगणे आवश्यक आहे. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्याच्या आत ती कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

रिकामी_चौकट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे मुद्दाम उत्तर दिले नाही, आधी करून पाहावे असे ठरवले होते.

साफसफाई संध्याकाळवर नेली आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. करड्यांची रांग पहिल्या दिवशी इतकी वाईट झाली की सातपैकी चार करडे एकसारखेच होते. आता सहा तरी वेगळे दिसतात. चिठ्ठीचा प्रयोग मात्र सुरुवातीला फसला, कारण मी 'खोली अधिक जिवंत करणे' असले काहीतरी लिहीत होतो. 'खुर्चीचा मागचा पाय भिंतीपेक्षा अर्धा टोन फिका' असे लिहिल्यावर ती उपयोगी पडली. तिसरी_खिडकी यांचा तर्क अचूक निघाला: जुन्या छायाचित्रांवरून पाहिले तर चित्रातल्या खुर्चीची सावली उजवीकडे आणि डब्याची जवळपास सरळ खाली होती. महिनाभर मी दोन वेगवेगळ्या वेळा एकत्र रंगवत होतो आणि 'हवा' म्हणून स्वतःला दोष देत होतो. रेघोट्या यांच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, खुर्ची एकदाही सरकवून पाहिली नव्हती. आता ती भिंतीपासून दीड वीत पुढे आहे आणि मधल्या फटीत भिंतीवर कापडाचा पुसट करडा उजेड पडलेला दिसतो, जो पूर्वी नव्हताच.

रोज काम करायचे की थांबून पाहायचे, याबाबत माझा निर्णय अजून झालेला नाही. सध्या आठवड्यातून एक सकाळ ब्रशला हात न लावता बसतो. ती सकाळ सर्वांत अवघड जाते.

आता जेसोच्या कॅनव्हासबद्दल. पॅलेट नाइफने कडेला खरवडून पाहिले तर काही भागांत जेसोचा पातळ कातडीसारखा पापुद्रा सलग निघून आला, काही ठिकाणी, विशेषतः अंबरचा पातळ थर होता तिथे, तो घट्ट बसला आहे आणि निघता निघत नाही. त्यामुळे आता कापडाचा निम्मा भाग उघडा, डबा पूर्ण झाकलेला आणि खुर्चीच्या पाठीच्या फक्त दोन पट्ट्या पांढऱ्यातून वर आलेल्या असे काहीतरी समोर आहे. माझ्या मूळ चित्रापेक्षा ते मला बरे वाटते आणि हे कबूल करताना जरा लाजही वाटते. हे असेच ठेवून पुढे रंगवावे का?

जुना_इझल

त्या कॅनव्हासवर पुढे रंगवू नका. जिथे जेसो घट्ट वाटतो तिथेही त्याखाली तेलच आहे आणि ते केव्हा सोडेल याचा भरवसा नाही. पण तो फेकूही नका. चांगल्या उजेडात त्याचे छायाचित्र काढून ठेवा, मग त्यावरून कोळशाने दोन-तीन रेखाटने करा, झाकलेला डबा आठवणीने भरून न काढता जसा दिसतो तसाच पांढरा ठेवून. त्यानंतर नवा कॅनव्हास ताणा आणि तीच मांडणी तैलरंगात पहिल्यापासून करा. पांढऱ्याखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे तुमचा पांढरा आता सपाट राहणार नाही. त्यात कुठे अंबर मिसळायचा आणि कुठे निळसर करडा, ते मिसळताना समजेल. सुरुवात खुर्चीच्या त्या दोन पट्ट्यांपासून करा, आणि जेसोची बाटली काही दिवस दुसऱ्या खोलीत, फोनच्या शेजारी ठेवा.